पेटीत गेलेला कागद

आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याचा वास आला की मला आजही तो कागद आठवतो. सातवीत होतो. पडवीत आंबे भरायचं काम सोडून मी कागदावर माझं आणि शेजारच्या मुलीचं नाव लिहिलं, सारखी अक्षरं खोडली, उरलेली मोजली; त्यावरून मैत्री, प्रेम, लग्न की वैर ते ठरायचं. लग्न आलं! आनंदाने असा उडालो की आरे-वारेचा समुद्र दिसला. खाली आलो तर कागद गायब, पेटीही गायब. "बाबा, इथली पेटी?" "गेली ट्रकातून मुंबईला, शेजारच्या काकांना. का रे, जीव ठेवलायस काय तीत?" काका म्हणजे मुंबईत नोकरीला असलेले तिचेच वडील! मग महिनाभर मी ना जेवलो ना झोपलो. गाडीचा आवाज आला की माडावर चढून बसायचो. मे महिन्यात काका गावी आले, मला गाठलं आणि खिशातून तोच कागद काढला. "मेल्या, मी परत मोजलं. वैर येतंय, वैर!" घरी येऊन मी हजार वेळा मोजलं, लग्नच येत होतं, काका साफ खोटं बोलले होते. आजही पेटीला खिळे मारण्याआधी मी दोनदा आत बघतो, आणि काकांना जाणारी असेल तर, त्यांचा जावई असूनही, चारदा.