कावेरीनं मामाला मांडवात उभं केलं

केजच्या बसस्टँडमागच्या गल्लीत विश्वेश्वरचा फोटो स्टुडिओ होता. तिथं कॉम्प्युटर आला तो लातूरहून, जीपमधून, गोधडीत गुंडाळून. साल दोन हजार एक, वैशाखाचं ऊन. विश्वेश्वरनं खोक्याला हार घातला, नारळ फोडला. त्याची आई गंगासागर पडद्याला विभूतीची बोटं ओढायला निघाली, तेव्हा कॉम्प्युटर बसवायला आलेला माणूस ओरडला, "आजी, काचंला नका लावू!" मग म्हातारीनं विभूती बाजूच्या डब्याला लावली आणि हात जोडून मागं सरली.

विश्वेश्वरचा कॅमेऱ्यावरचा हात पक्का होता. रडणारं लेकरूही त्याच्यापुढं हसायचं. पण माऊस हातात आला की त्याला घाम फुटायचा. पडद्यावरचा बाण पार कोपऱ्यात पळायचा आणि हा खुर्चीतून अर्धा उठून त्याच्यामागं वाकायचा. बसवणाऱ्या माणसानं एक दुपारभर सगळं भराभरा दाखवलं, चहा प्याला आणि लातूरची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी कावेरी नवऱ्याचा डबा घेऊन आली तर विश्वेश्वर कपाळाला हात लावून बसलेला.

"काय झालं ओ?"

"बाण हारपला," विश्वेश्वर म्हणाला.

कावेरीनं डबा ठेवला, पदराला हात पुसले आणि माऊस जरा हलवला. बाण आला. ती तशीच खुर्चीच्या कडेला टेकली. मग विश्वेश्वर उठला, ती नीट बसली. त्या दिवशी डबा गार झाला आणि खुर्ची कायमची कावेरीची झाली.

कावेरी परळीची. दहावी झालेली. लग्नाआधी आणि नंतरही ब्लाउज शिवायची. खडूची रेघ मारायची आणि रेघेवरून कात्री चालवायची, हे तिच्या बोटांत मुरलेलं. कॉम्प्युटरमध्ये फोटोतला माणूस वेगळा काढायची एक दोरी होती. माऊस दाबून धरायचा, माणसाच्या कडेकडेनं दोरी फिरवत न्यायची आणि जिथून निघालो तिथं आणून सोडायची. सुटली की त्या रेघेवर मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. मुंग्यांच्या आतला माणूस आपला. त्याला उचला, सरकवा, दुसऱ्या फोटोत नेऊन ठेवा. पहिल्यांदा मुंग्या चालल्या तेव्हा कावेरी टाळी वाजवून हसली.

एक चौकोनही होता, पण तो तिला फारसा आवडला नाही. माणसं काय चौकोनी असतात? कांडी मात्र गमतीची होती. एका जागी टेकवली की त्या रंगाचं सगळं एका झटक्यात धरायची. कावेरीनं ती विश्वेश्वरच्याच फोटोवर चालवून पाहिली. मागची पांढरी भिंत पुसायची होती. विश्वेश्वरचा सदराही पांढरा. कळ दाबली आणि भिंतीबरोबर सदराही गेला. मुंडकं आणि दोन हात तेवढे मधोमध तरंगत राहिले. पायरीवर बसून शेंगा निवडणारी गंगासागर आत डोकावली.

"अगं माय! माज्या लेकाचा सदरा कुटं गेला?"

"आणते आत्याबाई, आणते परत," म्हणत कावेरीनं मागं फिरायची कळ दाबली. सदरा आला. म्हातारीला ते इतकं आवडलं, की पुढं दोन दिवस ती गल्लीतल्या बायकांना बोलावून आणायची आणि सांगायची, "कावेरे, ह्यांना माज्या लेकाचा सदरा काडून दाखव."

असं हसतखेळत हात बसला. वीज जायची, केलेलं काम जायचं, पुन्हा करावं लागायचं. त्यातून ती मध्येमध्ये काम जपून ठेवायला शिकली. दोरीनं काढलेल्या माणसाची कड कात्रीनं कापल्यासारखी करकरीत दिसते, ती जरा मऊ करावी लागते, हेही तिचं तिनंच शोधलं. तिथं शिलाईच उपयोगी पडली. काठ दुमडल्याशिवाय कापड अंगावर शोभत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आषाढात एक बाई आल्या. साखराबाई नाव, केजजवळच्याच एका वस्तीवरच्या. पिशवीतून लग्नाचा अल्बम काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. फोटो विश्वेश्वरनंच काढलेले. वैशाखात त्यांच्या लेकीचं, अयोध्याचं लग्न झालेलं.

"बाई, तुमी माणसाचा सदरा काडिता म्हनं."

"काढते, पण परत बी घालते," कावेरी हसून म्हणाली. "काय काम हाय मावशी?"

"मला माजा भाऊ घालून द्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भाऊ बिभीषण, कड्याच्या साखर कारखान्यात फिटर. अयोध्या त्याची लाडकी भाची. तिच्या लग्नात मागं उभं राहायचं म्हणून त्यानं महिनाभर आधी नवा फेटा घेऊन ठेवलेला. लग्नाच्या दिवशी जीप करून बायकापोरांसह निघाला आणि मांजरा नदीच्या पुलाच्या अलीकडं जीपचा एक्सल तुटला. स्वतः फिटर, पण हातात हत्यार नाही. भर उन्हात गाड्यांना हात करत बसला. इकडं भटजी मुहूर्त टळतो म्हणून ओरडायला लागले. नवरीच्या मागं मामा तर पाहिजे. मग अयोध्याच्या बापानं, आसारामनं, शेजारच्या सिदूला पुढं ढकललं. सिदूनं मामाच्या जागी उभं राहून नवरीच्या खांद्यावर हात ठेवला, अक्षता पडल्या. बिभीषण पोचला तेव्हा पंगती बसल्या होत्या.

"घासभर जेवला न्हाई ओ," साखराबाई म्हणाल्या. "म्हनला, माज्याबिगर लगीन लागतंय, मग माजं काय काम? तसाच फिरला. तवापासनं बोलत न्हाई. आता राखीपुनव आली. मी राखी कुनाला बांदू?"

कावेरीनं अल्बम उघडला. मंगलाष्टकं संपून हार पडले तेव्हाचा फोटो चांगला मोठा आणि स्वच्छ होता. अयोध्या मान खाली घालून उभी, गळ्यात भरघोस हार, मागं सिदू, अंग चोरून उभा.

"भावाचा फोटो आणलाय का?"

साखराबाईंनी मतदानाच्या ओळखपत्राची झेरॉक्स काढली. त्यात बिभीषण होता की कुणी दुसराच, हे बहिणीशिवाय कुणाला ओळखता आलं नसतं.

"ह्याचं काही होणार न्हाई मावशी. त्यांनाच आणा हितं. फेट्यासकट."

"माज्या सांगन्यानं तो यायचा न्हाई."

"मग भाचीला धाडा."

अयोध्या सासरहून सरळ कड्याला गेली आणि मामाला घेऊनच आली. तिनं काय सांगितलं देव जाणे. पण एका सकाळी उंचपुरा, गलमिश्यांचा माणूस स्टुडिओच्या दारात उभा राहिला. हातात फेट्याची पिशवी, तोंड मात्र कडू काढा प्यायल्यासारखं.

"हे बगा बाई," आत येतायेताच बिभीषण म्हणाला, "पोरगी रडली म्हनून आलो. खोटं ते खोटंच. मी गेलतो का मांडवात टायमाला? न्हाई ना?"

"निघाल्ता का न्हाई मामा?"

"निगालो म्हंजे! पहाटंच निगाल्तो!"

"मग झालं तर. तुमी निघाल्ता, फोटो तुमाला पोचवून देतो."

 बिभीषण आरशापुढं फेटा बांधायला लागला. विश्वेश्वरनं दिवे लावले, मांडवात ऊन ज्या बाजूनं होतं त्याच बाजूला मोठा दिवा घेतला. हे त्याला कावेरीनं आधीच सांगून ठेवलं होतं. पण बिभीषण उभा राहिला तो फौजदारासारखा ताठ. रिकाम्या हवेत हात कसे धरायचे ते त्याला कळेना. मग कावेरीनं अयोध्याला त्याच्या पुढ्यात उभं केलं.

"मामा, आता अक्षता पडायल्यात समजा."

बिभीषणनं दोन्ही हात भाचीच्या खांद्यांवर ठेवले.  त्याचे खांदे सैल झाले, मिशीखालचा ओठ हलला. कुठूनतरी मूठभर तांदूळ उडाले. पाहतो तर गंगासागर शेजारच्या दुकानातून तांदूळ घेऊन आलेली! "काय ओ आजी," म्हणत बिभीषण डोळे पुसायला गेला, तोवर विश्वेश्वरनं बटण दाबलेलं होतं.

आता खरं काम. लग्नाचा फोटो आणि मामाचा फोटो स्कॅनरवर ठेवून दोन्ही कॉम्प्युटरात घेतले. पण मामाच्या जागी सिदू उभा. त्याला नुसता पुसून टाकला तर सिदू रुसायचा. एक रुसवा काढायचा आणि दुसरा घालायचा, हे कावेरीला पटेना. तिनं दोरीनं सिदूला उचललं आणि चार पावलं बाजूला, वऱ्हाडातल्या लोकांच्या शेजारी नेऊन उभं केलं. मग सिदूच्या जागी पडलेलं भोक बुजवायचं होतं. त्यासाठी एक शिक्का होता. चांगल्या जागेवरचं कापड उचलायचं आणि भोकावर हळूहळू थापायचं, ठिगळ लावल्यासारखं. मांडवाच्या झालरीचे पट्टे जुळवताना वीज गेली, आली, परत गेली. शेवटी मामाला आणून भाचीच्या मागं ठेवलं, उंचीला जरा लहान केलं, कड मऊ केली. विश्वेश्वर मागून बघत होता.

"कावेरी, हा माणूस खरंच आल्ता गं लग्नाला," तो म्हणाला. नवऱ्याच्या तोंडून एवढं आलं म्हणजे फार होतं. ती दिवसभर गुणगुणत राहिली.

मोठी छपाई केजला होत नव्हती. फोटो बीडला पाठवला, चौकटीत बसून आला. घ्यायला साखराबाई, आसाराम आणि अयोध्या आले. बिभीषणही आला, पण बहिणीपासून दूर, दाराजवळ उभा राहिला. कावेरीनं वरचा कागद सोडला. साखराबाईंनी तोंडाला पदर लावला. आसाराम म्हणाला, "आयला, जसाच्या तसा!"

बिभीषण पुढं झाला. वाकून बघितलं. परत बघितलं. मग बोट टेकवून म्हणाला,

"हे दोन हात माजे. आन ह्यो तिसरा हात कुनाचा?"

कावेरी फोटोवर वाकली. अयोध्याच्या हारातून, शेवंतीच्या फुलांमधून, काळीसावळी चार बोटं बाहेर आली होती. सिदूची! त्याला उचलताना दोरी मनगटावरून फिरली होती आणि बोटं फुलांत राहून गेली होती. लहान पडद्यावर ती हाराचाच भाग वाटली. मोठ्या कागदावर लख्ख दिसत होती. आणि तिकडं वऱ्हाडात सिदू एका हातानं उभा होता, दुसरा मनगटापासून गायब!

"मामा, चुकलं," कावेरी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला. "आत्ता काढते. नवीन छापून देते."

 बिभीषणचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग तो असा गडगडून हसला, की समोरच्या हॉटेलातली माणसं गल्लीत आली. हसता हसता त्यानं काउंटर धरला.

"सिदूचा हात हाय ह्यो! बग गं साखरे, सिदूचा हात! बिचारा तिकडं थोटा उबा हाय!"

साखराबाईही हसायला लागल्या, आणि हसतानाच रडायला लागल्या. भावानं आपल्याला नावानं हाक मारली, हे त्यांच्या तेवढ्यात ध्यानात आलं होतं.

"काढते मी तो," कावेरी पुन्हा म्हणाली.

"न्हाई न्हाई, बाई," बिभीषण डोळे पुसत म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. मी पुलापाशी हुतो तवा त्यानंच पोरीला धरलं. लगीन खोळंबू दिलं न्हाई त्यानं. त्याचा बी हात पायजे. फकस्त त्या गरिबाला तिकडं नवा हात लावून द्या, न्हाई तर त्याची बायकू मला इचारंल."

सिदूला नवा हात मिळाला. मामाचाच डावा पंजा उचलून, उलटा करून कावेरीनं त्याच्या मनगटाला बसवला आणि फोटो पुन्हा छापून आणला. राखीपुनवेला साखराबाईंनी स्टुडिओवाल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. चौकट सोप्यात टांगलेली, खाली बिभीषण आणि सिदू मांडीला मांडी लावून पुरणपोळी खातायत, आणि येणारा जाणारा भिंतीवरचे हात मोजतोय. "सिदू, तुज्या मनगटाला माजा पंजा हाय, आता तू बी फिटर," बिभीषण म्हणाला आणि त्याच्या पानात आणखी तूप ओतलं.

ही गोष्ट गावोगाव झाली. नारायणगडाच्या जत्रेला गेलेल्या बायका तिथून बातमी घेऊन आल्या आणि पुढच्या लग्नसराईत कावेरीला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. ऊसतोडीला गेलेले भाऊ, बाळंतपणात अडकलेल्या बहिणी, ज्यांची एसटी चुकली ते काका, सगळे तिच्या खुर्चीपुढं रांगेनं येत. कावेरीनं एकच नियम केला. जो खरंच येणार होता, त्यालाच फोटोत जागा. एकदा रस्त्यांची कंत्राटं घेणारा एक गुत्तेदार आला, मला मंत्र्याशेजारी उभं करा म्हणाला. कावेरीनं शांतपणे विचारलं, "ते तुमची वाट बघत हुते का?" गुत्तेदार चहा न पिताच गेला. विश्वेश्वर मागच्या खोलीत तोंड दाबून हसला.

हा नियम फक्त गंगासागर जुमानत नव्हती. एका दुपारी म्हातारी नवं लुगडं नेसून, कपाळावर ताजी विभूती लावून आत आली आणि दिव्यांपुढच्या स्टुलावर बसली.

"कावेरे, मला इमानात बसव."

"आत्याबाई, तुमी कवा निघाल्ता इमानानं?"

"अजून निगाले न्हाई," म्हातारी पदर सावरत म्हणाली, "पन जाईन की. तू खिडकीजवळची जागा धरून ठिव."

कावेरीनं विश्वेश्वरकडं पाहिलं. विश्वेश्वर दिवे लावायला उठलाच होता.