नदीच्या अलीकडे राहिलेली बहीण
माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे आहेत. मी शिकावं म्हणून तिनं नववीतच शाळा सोडली आणि एमआयडीसीत बियाणं निवडायला जाऊ लागली. बियाण्याला कीड लागू नये म्हणून चोळतात त्या गुलाबी औषधाचा वास आला की मला एक सिनेमा आठवतो. पदवी मिळाल्यावर मी तिला जालन्याच्या टॉकीजमध्ये कार्टूनचा सिनेमा दाखवायला नेलं. ती कामावरून तशीच आली होती, बोटं गुलाबी होती. पडद्यावर पानापानावर दव चमकत होतं. त्यातली बहीण धाकट्या भावाला नदीपार पाठवते आणि स्वतः अलीकडेच राहते. पुढं भाऊ राजा होतो, नाचगाणी होतात, सिनेमा संपतो. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, “चित्रं लई भारी होती. पण त्या बहिणीचं मंग काय झालं?” “अगं, पोरांचा सिनेमा आहे तो.” “पोरांना काय बहिणी नसत्यात?” ती हसली. मला काहीच वाटलं नाही. मी टेम्पो शोधत राहिलो. तेव्हा काहीच कसं वाटलं नाही, हे मला अजून उमगत नाही. अंबडला नोकरी लागल्यावर, कितीतरी महिन्यांनी, मी तिला पत्र लिहिलं: “अक्का, बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म आणलाय. शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेव. रविवारी येतो.”