नव होती की नव्हती

"मॅडम, एका शब्दात सांगा. होती की नव्हती?"

रघुनाथन वकिलांनी हे विचारलं तेव्हा माझ्या डोळ्याला भिंग होतं आणि भिंगाखाली एक भोक होतं. कसरीने खाल्लेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या त्यांच्या ऑफिसात एसी इतका जोरात होता की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता.

"एका शब्दात नाही सांगता येणार, सार," मी म्हणाले. "नेमका तिथेच कागद गेलाय."

"मग दोन शब्दांत सांगा," ते हसून म्हणाले. मीही हसले.

मी मोडी वाचते. तंजावरकडच्या मराठी घरातली आहे. आमच्या घरची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे आधी गोंधळतात, मग हसतात. पुस्तकातली मराठी मी नोकरीत शिकले. चेन्नईतल्या एका हस्तलिखित संग्रहात मी मोडी कागदांच्या सूची करत असे. आता रिटायर झाले. या शहरात मोडी वाचणारे फार थोडे उरलेत, त्यामुळे कधी देवस्थानाचे कागद येतात, कधी कुणाच्या वाटणीचे.

हे काम वेगळं होतं. एका चहामळ्याच्या कंपनीचं. निलगिरीच्या पश्चिमेकडच्या उतारावर तिची जमीन आहे. फार पूर्वी तिथे सोन्याची खाण निघाली होती. गोरे साहेब बोगदे खणत डोंगरात शिरले. सोनं थोडं निघालं, माणसं फार मेली, आणि काही वर्षांत सगळं बंद पडलं. पुढे त्याच जमिनीवर चहा आला. त्या उतारावर एक आदिवासी पाडा आहे, मणलपाडी. तिथल्या लोकांनी वरच्या जंगलावर हक्क सांगितला होता. त्यांचं म्हणणं, खाण यायच्या आधीपासून आम्ही वर राहत होतो, आमचे पुरलेले लोक तिथेच आहेत. कंपनीचं म्हणणं, वर कुणीच नव्हतं, हे लोक खाणीवर मजुरीला आले आणि राहिले. जिल्ह्याच्या समितीने दोन्ही बाजूंना जुने कागद हजर करायला सांगितलं. कंपनीच्या रेकॉर्ड रूमच्या यादीत "अज्ञात लिपीतील वही" अशी एक नोंद होती. ती लिपी मोडी निघाली आणि वकील माझ्यापर्यंत पोचले.

वही खाणीवरच्या कारकुनाची होती. तोही आमच्याकडचाच, रामोजी राव. साहेबांचे हिशेब तो इंग्रजीत लिहायचा. ही वही मात्र स्वतःसाठी, साहेबांना वाचता येऊ नये अशा लिपीत. मला आधी तिच्या स्कॅन केलेल्या प्रती दिल्या. पहिले चार दिवस मी दुसरं काहीच केलं नाही. दगड कुटायचं यंत्र बैलांनी कसं वर ओढलं, बोगद्यात पाणी भरलं तेव्हा कोण आत राहिलं, जळवांना चुना लावावा की मीठ, आज ज्वराने दोघे गेले, आज तिघे. मधेच, "घरचे पत्र नाही." हा माणूस मला आवडायला लागला होता. वाचणाऱ्याने असं आवडून घेऊ नये, पण होतं.

वहीची सुरुवातीची पानं शिवताना मागे गेली होती, तिथे ते पान आलं. साहेबाबरोबर तो पहिल्यांदा उतारावर चढला त्या दिवसाचं, खाण सुरू होण्याआधीचं.

इथे थोडं मोडीबद्दल सांगायला हवं. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. जोडाक्षरंही बरेचदा सोडवून लिहितात. 'नव्हती' हा शब्द 'नवहती' असा लिहिलेला सापडतो. रामोजीने लिहिलं होतं, "वरते घरे नवह", मग भोक, मग "ती". त्या भोकात ओकार असेल तर ते "घरे नव होती". म्हणजे वर नऊ घरं होती. ओकार नसेल तर "घरे नव्हती". एका ओकारावर अख्खा डोंगर.

स्कॅनवरून ठरेना, म्हणून मी मूळ वही मागितली. ती त्यांनी ऑफिसात आणवली. भिंगातून भोकाच्या वरच्या कडेला शाईचा एक अंश दिसला, केसाएवढा. तो ओकाराच्या मात्रेचा असावा. असावा. त्याहून जास्त मी म्हणू शकत नव्हते.

पण माझ्याकडे आणखी तीन गोष्टी होत्या. रामोजी नऊला सगळीकडे 'नव' लिहितो, "नव पोती", "नव मजूर". नकार लिहायचा असला की तो 'नाही', 'नाहीत' लिहितो, 'नव्हती' वहीत दुसरीकडे कुठेच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पुढच्या पानावर होती. "घरवाल्यांस तांदूळ देऊन खालच्या अंगास नेले." घरंच नव्हती तर घरवाले कुठून आले?

मी बारा पानांचा अहवाल लिहिला. "नव होती" हे वाचन, त्याची कारणं, आणि पर्यायी वाचन "नव्हती, शक्यता फार कमी." पर्याय लिहावाच लागतो. कागद फाटलेला असेल तर काय काय असू शकतं ते सांगणं हे आमचं काम. तीस वर्षं मी हाताखालच्या मुलींना हेच शिकवलं. शंका लपवायची नाही.

रघुनाथननी अहवाल शांतपणे वाचला. "उत्तम काम आहे, मॅडम. फक्त एक विनंती. समितीतले लोक बारा पानं वाचणार नाहीत. एक पानी सारांश द्या. टेबल करू. ओळ, वाचन एक, वाचन दोन. कारणं परिशिष्टात राहू देत."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर आवडलं. मोडीच्या कामाला कुणी टेबल मागितलं नव्हतं आजवर. त्यांच्या टायपिस्टने पान काढून दिलं. वाचन एक, नव होती. वाचन दोन, नव्हती. 'शक्यता फार कमी' रकान्यात मावत नव्हतं.

"ते परिशिष्टात आहेच की," रघुनाथन म्हणाले.

मी सही केली. अहवालावर वेगळी, सारांशावर वेगळी. गोपनीयतेच्या कागदावर तिसरी. स्कॅनचा पेनड्राइव्ह आणि माझ्याजवळची अहवालाची प्रत परत दिली. कॉफी चांगली होती.

दोन महिन्यांनी सकाळी दाराची बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई. हातात प्लॅस्टिकची फाइल, पायात धुळीने भरलेल्या चपला. निलगिरीहून बसने आली होती. नाव वेल्ली, मणलपाडीची, गावच्या आरोग्य केंद्रात कामाला. आम्ही तमिळमध्ये बोललो. तिची तमिळ डोंगरातली, माझी चेन्नईतल्या सैदापेटची, पण अडलं नाही.

ती बसली नाही. फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

"अम्मा, ही सही तुमची?"

टेबलाचं पान होतं. एकच पान.

"माझी."

"तुम्ही लिहिलंय की आमची घरं नव्हती?"

"नाही," मी म्हणाले. "मी लिहिलंय की होती."

तिने कागद पुन्हा पाहिला. इंग्रजी तिला हळूहळू वाचता येत होतं. "इथे दोन्ही लिहिलंय. कंपनीचा वकील म्हणाला, त्यांच्या स्वतःच्या तज्ज्ञ बाईंनाच नक्की माहीत नाही."

"आणि बाकीची पानं? परिशिष्ट?"

"एवढंच दिलंय त्यांनी."

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन रघुनाथनना फोन लावला.

"मॅडम, मी तुमचा एक शब्द तरी बदललाय का?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता.

"परिशिष्ट कुठे आहे?"

"समितीने वहीचं वाचन मागितलं. वाचन दिलं. कारणं मागितली नाहीत."

"पुढचं पान? तांदूळ दिल्याचं?"

"मागितलं ते संबंधित पान. तेही दिलं." मग म्हणाले, "तुम्ही गोपनीयतेवर सही केली आहे, मॅडम. आठवण म्हणून सांगतो. धमकी समजू नका."

मी धमकीच समजले. पण बाहेर ती बाई बसली होती आणि माझ्या सहीवर तिचा डोंगर जात होता. मी बाहेर आले आणि तिला पुढच्या पानावर काय आहे ते सांगितलं. सगळं. माझी कच्ची टिपणं एका शाळेच्या वहीत होती, ती दाखवली. वेल्लीने मोडीच्या ओळीवरून बोट फिरवलं. मी नक्कल करून ठेवली होती ती ओळ.

"सुनावणी बुधवारी आहे," ती म्हणाली. "याल?"

गेले. जिल्ह्याच्या कचेरीत लांब टेबलाच्या एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला आम्ही. रघुनाथननी मला पाहून उठून नमस्कार केला.

अध्यक्षस्थानी एक अधिकारी बाई होत्या. त्या वाईट नव्हत्या. नीट ऐकत होत्या, लिहून घेत होत्या. मी नऊचं सांगितलं, नकाराचं सांगितलं, तांदळाचं सांगितलं.

"ते पान आमच्यापुढे नाही," त्या म्हणाल्या.

"वहीत आहे, मॅडम. वही मागवा."

रघुनाथन उठले. "मूळ वही अत्यंत जीर्ण आहे. दुरुस्तीसाठी पाठवली आहे. या बाईंनी गोपनीयतेचा भंग करून जी टिपणं आणली आहेत ती त्यांच्याच हाताची आहेत. ती कधी लिहिली, याला पुरावा नाही."

अधिकारी बाईंनी माझी शाळेची वही चाळली. मुखपृष्ठावर कार्टूनचं चित्र होतं. मला लाज वाटली. खरं तर वाटायला नको होती.

"मूळ कागद समोर नसताना मी यावर विसंबू शकत नाही," त्या म्हणाल्या. "मी तुम्हालाच विचारते. तुमच्या सहीच्या कागदावर दोन वाचनं आहेत. शपथेवर एकच सांगू शकाल?"

"नव होती," मी म्हणाले.

"हे तुमचं मत आहे की खात्री?"

खोलीत पंखा फिरत होता. वेल्ली माझ्याकडे बघत होती. तिच्या मागे पाड्यावरचे सहा-सात जण उभे होते, त्यांनाही प्रश्न कळला होता. खात्री असं म्हटलं असतं तर मला कुणी खोटं पाडू शकलं नसतं. भोकाला कोण विचारणार होतं? पण मी ते भोक पाहिलं होतं. केसाएवढी शाई पाहिली होती.

"मत," मी म्हणाले. "पण शंभरातल्या..."

"मत," त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर मी वेल्लीला म्हणाले, "मी खात्री म्हणायला हवं होतं." ती फाइलमधले कागद सारखे करत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं. मग तिने विचारलं, "अम्मा, त्या कारकुनाने त्या नऊ घरांतल्या लोकांची नावं लिहिलीत का कुठे?"

मी सगळी वही वाचलेली होती. "नाहीत लिहिली."

"एकाचंही नाही?"

"नाही."

तिने मान हलवली आणि फाइल पिशवीत ठेवली. खाणीच्या बैलांची नावं रामोजीने लिहिली होती, सहाच्या सहा, कोणता कशाने मेला तेही. ते मी तिला सांगितलं नाही. बसमध्ये बसल्यावर मला त्या माणसाचा राग आला. इतके दिवस आवडला होता.

निकाल महिन्याभरात लागला. पुराव्याअभावी दावा अमान्य. आदेशात माझं नाव दोनदा आहे, "कंपनीच्या तज्ज्ञांच्याच मते वाचन अनिश्चित" अशा वाक्यात. उतारावर आता तारेचं कुंपण आहे. पुरलेल्या लोकांना दिवा लावायला जायचं तर पाड्यावरच्यांना कंपनीच्या गेटवर वहीत सही करावी लागते. वेल्लीने हे फोनवर सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती, गावात पाऊस झाला असं सांगावं तसं. त्यांनी वरच्या समितीकडे अपील केलंय. त्यात मूळ वही मागितली आहे. वही दुरुस्तीला गेली होती, ती अजून दुरुस्तीलाच आहे.

रघुनाथननी माझ्यावर काही केलं नाही. करायची गरजच नव्हती.

लोक विचारतात, खोटं बोलला असतात तर काय झालं असतं? मला माहीत नाही. उद्या असाच प्रश्न आला तर मी काय उत्तर देईन, तेही छातीठोकपणे सांगता येत नाही. माझी चूक त्या खोलीत झाली नाही, एवढं मात्र कळतं. ती नुंगंबाक्कमला झाली, टेबल आवडलं तेव्हा.

मी अजून काम घेते. शंका अजूनही लिहिते, ती सोडली तर हे काम करण्यात अर्थ नाही. पण आता वाचन, त्याची शक्यता आणि कारणं मी एकाच वाक्यात घालते, मधे पूर्णविराम देत नाही, आणि परिशिष्ट जोडत नाही. सही एकच, शेवटच्या पानावर. पक्षकार कुरकुरतात. वाक्यं अर्धा अर्धा पान लांबतात, वाचणाऱ्याला दम लागतो. लागू दे. कापायला जागा राहत नाही.