थोरली की धाकटी: शेजारच्या काकांची रायफल

मी शाकाहारी आहे आणि घरात झुरळ निघालं तर बायकोला हाक मारतो. तरीही २०१६ सालचे कितीतरी महिने मी आफ्रिकेतला रानरेडा कोणत्या रायफलने मारावा याचा अभ्यास करण्यात घालवले, आणि त्यात मला फार आनंद झाला, हे आधीच सांगून टाकतो. ज्या रेड्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं, त्याच्याबद्दल मला रोज अपराधी वाटायचं आणि रोज रात्री जेवण झालं की मी पुन्हा गोळ्यांचं वजन वाचत बसायचो.

आम्ही तेव्हा आयर्लंडमधल्या नावन गावात राहत होतो. भिंतीपलीकडे एक आयरिश जोडपं होतं. तो साठीचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. ती शाळेतून निवृत्त झालेली. आमच्या घरात ते काका-काकू. काकांना हरणांच्या शिकारीचा नाद होता. परवाना रीतसर, रायफल लोखंडी कपाटात कुलूपबंद. एकदा तरी आफ्रिकेत जाऊन रानरेडा मारायचा हे त्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते खरंच जाणार होते. इथून रायफल न्यायची नव्हती, तिथल्या कॅम्पमधलीच भाड्याने घ्यायची होती. पण कोणती, ते आधी कळवायचं होतं.

"गवत कापायचं मशीन घ्यायला तू तीन महिने लावलेस," काका मला म्हणाले. "असा माणूस मला पाहिजे. बस इथे."

पर्याय दोन होते. एक दोन नळ्यांची, जाड काडतुसांची, दुर्बीण नसलेली, जुन्या फोटोंतल्या शिकाऱ्यांच्या हातात असते तशी. दुसरी एका नळीची, थोडी लहान काडतुसं घेणारी, वर दुर्बीण बसवलेली. त्या वर्षी माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. आमची रोजची चर्चा ऐकून तिने दोघींना नावं देऊन टाकली, थोरली आणि धाकटी. मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

काकांचा जीव थोरलीवर जडला होता. मला धाकटी पटली, पण आधी चुकीच्या कारणासाठी. मला वाटलं, दुर्बीण आहे तर ती जितकी मोठी करून दाखवेल तितकं बरं. कॅम्पवाल्याला सांगून धाकटीवर चोवीस पट मोठं दाखवणारी दुर्बीण बसवून घ्यावी, असं मी मोठ्या अभिमानाने सुचवलं.

काका हसून हसून खोकायला लागले. "अरे, रेडा झुडपात समोर उभा असणार! त्यातून मला नुसतं काळं कातडं दिसेल. मी त्याच्या अंगावरच्या गोचिड्या मोजत बसेन आणि तो मला तुडवून घरी जाईल."

तेव्हा मला कळलं की जवळच्या आणि धोक्याच्या जनावराला जवळजवळ काहीच मोठं न करणारी दुर्बीण लागते. रायफल खांद्याला लावताक्षणी पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, डोकं मागेपुढे करून शोधावं लागता कामा नये. शिवाय ती डोळ्यापासून चांगली चार बोटं लांब हवी, नाहीतर धक्क्याने मागे येऊन भुवई फोडते. हे सगळं मी इतक्या उत्साहाने आईला समजावलं की ती म्हणाली, "आरं, पण म्हशीला गोळी घालायला एवढ्या लांब कशाला जातोय त्यो?"

"म्हैस नाही आई, रानरेडा. फार डेंजर असतो."

"आपला रेडा काय कमी हाय का? त्याला कुणी दुर्बिणीनं बघत न्हाई."

आई आणि काका यांच्यात माझी मुलगी दुभाषी. तिने काकांना हे आयरिश ठसक्यात सांगितलं, आणि काका म्हणाले की आजीलाच बरोबर न्यावं.

एके दिवशी काका कामावर असताना काकू आमच्या स्वयंपाकघरात आल्या. चहाचा कप हातात धरून नुसत्या बसल्या. मग म्हणाल्या, "त्याचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता, ते तुला त्याने सांगितलंय का?"

"नाही."

"नाहीच सांगणार. तो जाऊ दे, त्याची हौस आहे. पण ती मोठी बंदूक नको. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. मला माझा माणूस परत हवाय, एवढंच."

मी हो म्हणालो. आणि त्या दिवसापासून काकांशी बोलताना माझी नजर चोरटी झाली. मित्राच्या पाठीमागे त्याच्या बायकोशी संगनमत करणं माझ्यासारख्या माणसाला झेपत नाही. मी दोनतीनदा थोरलीचे तोटे सांगून पाहिले. ती जड आहे. तिच्यात दोनच गोळ्या बसतात. काका प्रत्येक वेळी प्रेमात पडलेल्या पोरासारखे हसायचे.

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. माझं हत्यार म्हणजे लॅपटॉप, आईची विळी, बायकोची कात्री. आईने फर्मान काढलं, "शेजारचा एवढ्या मोठ्या जनावराम्होरं उभा ऱ्हाणार. त्याची बंदूक आण पूजेला."

बंदूक अशी शेजारी नेता येत नाही, कायदा आहे, हे मी काकांना सांगायला गेलो तर ते स्वतःच खूश झाले. तासाभराने दारात उभे. हातात कोरा टॉवेल, टॉवेलात त्यांच्या हरणाच्या रायफलवरून काढलेली दुर्बीण. आईने तिला झेंडूचं फूल वाहिलं आणि मी पुढे होण्याआधी काचेवर हळदीकुंकवाचं बोट ओढलं. काकांनी मान वाकवून नमस्कार केला. काच मी नंतर कापसाने पुसली, तरी कडेला लाल राहिलंच.

आता दुर्बीण एकदा काढली की ती पुन्हा बसवल्यावर नेम तोच राहत नाही. गोळीबाराच्या मैदानावर जाऊन तो नव्याने जुळवावा लागतो. हे मला त्या संध्याकाळी वाचून कळलं आणि झोप उडाली. आमच्या पूजेने काकांचा नेम घालवला होता! सकाळी मी माफी मागायला गेलो. काका म्हणाले, "मग चल शनिवारी, जुळवून येऊ. तू नोंदी ठेव."

मैदानाचा मालक स्वतः आफ्रिकेत जाऊन आलेला. त्याच्या कपाटात धाकटीसारखीच एक होती आणि थोरलीची चुलत बहीण म्हणावी अशी एक जाड काडतुसांची. त्याने परवानगीची कागदपत्रं आधीच करून ठेवली होती. काकांनी आपली रायफल जुळवली, लालसर काचेतूनही गोळ्या एकाच जागी. मग ते मोठीकडे वळले. मालक काडतुसं काढायला मागे गेला, तसा मीही गेलो आणि हळूच म्हणालो, "एखादं पोकळ, दारू नसलेलं काडतूस मध्येच भराल का? त्यांना न सांगता."

मालकाने माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली. ही शिकवायची जुनी रीत होती. पोकळ काडतुसाने धक्का बसत नाही, पण धक्क्याला घाबरलेला माणूस तरी दचकतोच आणि नळी खाली जाते.

पहिली गोळी उडाली. काकांनी खांदा चोळला आणि अंगठा वर केला. दुसऱ्या वेळी नुसता खट आवाज आला. काकांचे डोळे गच्च मिटलेले होते आणि नळी जमिनीकडे गेली होती.

काकांनी डोळे उघडले आणि मागे न बघता विचारलं, "पाहिलंस?"

नाही म्हणणं किती सोपं होतं.

"पाहिलं," मी म्हणालो.

त्यांनी रायफल खाली ठेवली. मग धाकटी उचलली, डोळे मिटून खांद्याला लावली आणि उघडले. "अख्खं चित्र दिसतंय," ते म्हणाले. मालकाने त्यांच्या नकळत तिच्यातही एक पोकळ काडतूस सरकवलं. खट झालं. नळी हलली नाही.

परतताना पेट्रोल पंपावर चहा घेतला. काका बराच वेळ कपावर फुंकर घालत राहिले.

"ती तुझ्याकडे आली होती ना?"

मी कप खाली ठेवला. "हो."

"आणि ते पोकळ काडतूस?"

"तेही मीच सांगितलं. मला माफ करा काका, मी..."

"ए, पुरे! तुझ्या तोंडाकडे बघून वाटतंय रेडा तूच मारलास." आणि ते मोठ्याने हसले. "रेड्यासमोर मी डोळे मिटणार हे तिथे कळण्यापेक्षा इथे कळलं. तिला मात्र सांग की मीच स्वतः ठरवलं."

मी काकूंना तसंच सांगितलं. काकू म्हणाल्या, "हो का? बरं." आणि केकचा मोठा तुकडा माझ्या हातात ठेवला.

त्या हिवाळ्यात काका दर शनिवारी धाकटीवर सराव करत होते. उन्हाळ्यात गेले. ते गेले तेवढे दिवस काकू रोज आमच्याकडे चहाला येत आणि रेड्याचा विषय सोडून सगळं बोलत. मग एका दुपारी त्या फोन कानाला लावूनच आमच्या दारात आल्या, डोळे भरलेले, आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून काका ओरडत होते, "झुडपातून निघाला, पहिल्या गोळीने थांबला नाही! दुसरी लागली तेव्हा मला त्याच्या पापण्या दिसत होत्या. डोळे उघडे होते माझे, ऐकतोयस ना? उघडे!"

मांस जवळच्या गावात वाटलं, असं त्यांनी सांगितलं. मी फोन परत दिला आणि उगाचच गॅलरीत जाऊन उभा राहिलो. काका धडधाकट होते म्हणून आनंद होता, आणि तो रेडा आता नव्हता.

पुढच्या खंडेनवमीला आई साताऱ्याला होती, पण व्हिडिओवरून पूजेवर नजर ठेवून होती. काका-काकू दोघेही आले. काकांनी खिशातून पितळेची दोन रिकामी काडतुसं काढून माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवली.

"दुर्बीण यंदा जागेवरच आहे," काकू म्हणाल्या. "मी कपाटाची किल्ली लपवलीय."

"काडतुसांना हळदीकुंकू लाव," आई फोनमधून म्हणाली. "आणि एक फूल त्या रेड्याच्या नावानं बाजूला ठेव. त्याचा बी जीव होता."

मुलीने ते काकांना सांगितलं. काकांनी ताटलीतलं सगळ्यात मोठं झेंडूचं फूल निवडलं आणि स्वतःच्या हाताने वेगळं ठेवलं.