कॅम्पात थरथरणारी पिकअप

पिकअप वर्कशॉपच्या शेडमध्ये उभी होती, इंजन चालू होतं. एअर क्लीनरच्या झाकणावर मी पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला होता. पाण्यावर बारीक तरंग उठत होते. जुन्या डिझेल गाडीला तेवढं माफ असतं. पेला जागचा हलला नाही.

"आता नाही हालून राहिली ते, भैया," शेजारी उभी असलेली बाई म्हणाली. "कॅम्पात हालते."

ही सुषमा ठवकर. मूळची भंडाऱ्याकडची, रायपूरच्या एका ट्रस्टमध्ये डोळे तपासणारी टेक्निशियन. ट्रस्टने या पिकअपच्या हौद्यावर पत्र्याची केबिन बांधून आत चष्म्याचा नंबर काढायची मशीन बसवली होती. गावात विजेचा भरवसा नसायचा. म्हणून कॅम्प संपेपर्यंत गाडीचं इंजन चालू ठेवायचं. इंजन बॅटरी चार्ज करणार आणि बॅटरीवर मशीन चालणार.

मी रायपुरात तेलीबांध्याजवळच्या त्या वर्कशॉपमध्ये फोरमन होतो. छत्तीसगड वेगळं होऊन थोडीच वर्षं झाली होती. रांगेत सरकारी पाट्यांच्या नव्याकोऱ्या गाड्या असायच्या. जुन्या पिकअपकडे कोणी वळून बघत नसे.

गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी इंजन हळू चालत राहतं. त्याला आयडलिंग म्हणतात. ते एकसारखं हवं. मध्येच ठेचकाळलं की सगळी गाडी थरथरते. मिस्त्री म्हणतात, इंजन मिसिंग करतंय.

"तीनदा नंबर काढला का तीन येगळे येतात," सुषमा सांगत होती. "मंग हरेकाले भिंगं लावून हातानं तपासा लागते. टाइम जाते. अर्धी लाइन तशीच घरी परत जाते. अन् तिवारीजी म्हणतात, तुमचा हात स्लो आहे."

तिवारीजी ट्रस्टचे मॅनेजर. मशीनच्या कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने ऑफिसात टेबलावर ठेवून मशीन तपासली, ती ठीक निघाली. मग उरली सुषमा. तिचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीस संपत होतं आणि पुढचं मिळेल असं कोणी म्हणत नव्हतं. म्हणून ती सुट्टी टाकून गाडीसोबत वर्कशॉपला आली होती.

ड्रायव्हर बिसाहूला विचारलं. तो म्हणाला, "चलाने में तो मक्खन है, साहब."

मी नेहमीची तपासणी केली. इंजन ज्या रबरांवर बसतं ती माउंटिंग धड होती. मग चारही सिलिंडरच्या डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले. हा सोपा उपाय आहे. नट सैल केल्यावर इंजनाचा आवाज बदलला, तर तो सिलिंडर काम करतोय. नाही बदलला, तर तो आधीच मेलेला आहे. चारही वेळा आवाज बदलला.

वर्कशॉपचे मालक ऑफिसातून बाहेर येऊन मला म्हणाले, "वानखेडे, पुरानी गाड़ी है. ओवरहॉल लिख दो."

"सर, अभी तो इंजन ठीक चल रहा है. खोलूँगा तो ढूँढूँगा क्या?"

"और नहीं खोलोगे तो?"

मी सुषमाला विचारलं, "कॅम्पात सकाळपासूनच हालते का?"

"नाही. पयले लोक बरोबर होतात. ऊन चढलं का सुरू होते."

बिसाहूला विचारलं, टाकीत डिझेल किती असतं? तो म्हणाला, कॅम्पात निम्म्याहून कमीच. पण वर्कशॉपला यायचं म्हणून आज फुल करून आणली आहे.

म्हणजे ज्या अवस्थेत गाडी बिघडत होती, त्या अवस्थेत ती माझ्यासमोर आलीच नव्हती. मालकांनी एक दिवस दिला. त्यानंतर सगळं इंजन खोलून ओव्हरहॉल, असं बजावून दिला.

टाकीतून इंजनाकडे डिझेल रबरी पाइपातून येतं. पुढे बसलेला पंप ते ओढून घेतो. वाटेत हवा शिरत असेल तर दिसावी म्हणून मी पंपाच्या अगदी जवळ त्या पाइपात एक पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, टाकीतलं डिझेल कमी केलं आणि पुढच्या कॅम्पला त्यांच्यासोबत गेलो.

गाव सिलतऱ्याच्या पुढे होतं. शाळेच्या मैदानात गाडी उभी राहिली. बायामाणसं आधीच सावली धरून बसली होती. सकाळी नळीत स्वच्छ डिझेल वाहत होतं आणि इंजन शांत होतं. सुषमाचं काम भराभर चाललं होतं. मी बोनेटपाशी बसून चहा घेतला. आपण उगाच आलो, असं एकदा वाटून गेलं.

ऊन चढलं. इंजनाच्या आवाजात एक ठेच आली, मग दुसरी. केबिनचा पत्रा वाजायला लागला. आत एक म्हातारी मशीनवर हनुवटी टेकून बसली होती. तिचा आवाज बाहेर आला, "नोनी, तोर मसीन हालत हे, के मोर मुड़ी?" मशीन हलतेय की आपलं डोकं, असं ती विचारत होती.

"गाड़ी हालत हे, दाई," सुषमा म्हणाली.

मी नळीत पाहिलं. डिझेलमध्ये बुडबुड्यांची माळ लागली होती. पंप कुठूनतरी हवा ओढत होता.

पाइपावरून हात फिरवत मागे गेलो. एका जागी पाइप सायलेन्सरच्या जवळून जात होता. तिथला रबर उष्णतेने कडक झाला होता आणि क्लॅम्पपाशी बारीक तडा गेला होता. बाहेर डिझेलचा थेंब नाही, कारण तिथून काही बाहेर येत नव्हतं, हवा आत जात होती. फडक्याने ती जागा घट्ट दाबली. बुडबुडे थांबले, इंजन शांत झालं. सोडली, पुन्हा ठेच. पुन्हा दाबली.

"सुषमाताई, आता नंबर काढा!" मी ओरडलो.

मग आतून तिचा आवाज आला. "भैया, तीनदा काढला. तिन्ही सारखे!"

"सोडू का मग?"

"नका सोडू! आजून दोघी बसल्या आहेत."

त्या दोघी होईपर्यंत मी तापलेल्या गाडीखाली आडवा पडून पाइप दाबून धरला. हाताला चटके बसत होते. बिसाहू वाकून बघत होता आणि हसू दाबत होता. मग इंजन बंद करून मी तडा गेलेला तुकडा कापला, सोबत आणलेला वीतभर नवा पाइप जोडला आणि तो सायलेन्सरपासून दूर बांधला.

बाकीचा उलगडा सरळ होता. गाडी चालताना वारा लागायचा, तडा मिटलेला राहायचा. तासन्‌तास उभी राहिली की तिथे उष्णता साठायची आणि तडा उघडायचा. टाकी भरलेली असली की पंपाला कमी जोराने ओढावं लागायचं, त्यामुळे हवा शिरायची नाही. बिसाहू खोटं बोलत नव्हता, तो फक्त चालवण्याबद्दल बोलत होता.

त्या दिवशी लाइन पुरी संपली. एकही माणूस न तपासता परत गेला नाही.

ओव्हरहॉलचं मोठं बिल गेलं म्हणून मालक दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले. तिवारीजी गाडी न्यायला आले तेव्हा सुषमा सोबत होती. ते तिला म्हणाले, "चलिए, अब तो आपका हाथ भी तेज हो जाएगा."

ती म्हणाली, "हात तेवढाच आहे, सर. ज्या गावांतून लोक वापस गेले, तिथं आधी परत जाऊ. मंग कॉन्ट्रॅक्टचं बोलू."

तिवारीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाना पुसत राहिलो. मग ते मान डोलावून "हव, हव" म्हणाले. त्या गावांचे कॅम्प पुन्हा झाले आणि तिचं कॉन्ट्रॅक्टही झालं.

आम्ही गाडीवाले गाडी चालवून तपासतो. ही गाडी कामाला लागायची ती उभी राहिल्यावर. तेव्हापासून ग्राहक आला की मी मॉडेल आणि साल नंतर विचारतो. आधी विचारतो, बिघडली तेव्हा गाडी काय करत होती? बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. पण उत्तर देता देता अर्धा बिघाड तेच सांगून टाकतात.