तुले पाणी पाह्यजे

मोठ्या बाईंची, म्हणजे वत्सलाबाई इंगळे यांची, आणि माझी पहिली भेट झाली त्या दुपारी मी एका तहानलेल्या मुलीला तीनदा पाणी नाकारले. साठीच्या गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाईंच्या हाताखाली दहा वर्षे काढल्यावर शोभेसाठी लिहिण्याची सवय मोडली आहे.

वऱ्हाड प्रांत तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि यजमानांची बदली पुण्याहून अकोल्याला झाली होती. मुलींच्या प्राथमिक शाळेत जागा आहे असे कळले, म्हणून ऐन मे महिन्यात मी मुख्याध्यापिकांच्या घरी अर्ज घेऊन गेले. बाई चष्मा आणायला आत गेल्या. तेवढ्यात सातेक वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि भिंतीकडे पाहत म्हणाली, "तुले पाणी पाह्यजे."

मला कौतुक वाटले. एवढीशी पोर आल्यागेल्याला पाणी विचारते. "नको गं बाळ," मी म्हणाले, "आणि 'तुले' नाही, 'तुला' म्हणावं." तिने तेच शब्द त्याच सुरात पुन्हा म्हटले. मीही पुन्हा नको म्हणाले आणि पुन्हा व्याकरण सुधारले. तिसऱ्या खेपेनंतर तिने कानांवर हात दाबले, खाली बसली आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटू लागली. बाई बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. माठातले पाणी त्यांनी तिच्या हातात दिले आणि ती ते गटागटा प्यायली.

"तहान तिले लागली होती," बाई म्हणाल्या. "आपण तिले इचारतो ना, तुले पाणी पाह्यजे काय? तिच्या लेखी पाण्याचं नावच ते. सोताले ती 'तू' म्हणते." आणि त्याच दमात, "जूनपासून येता काय शाळेत?"

ही शेवंता. बाईंच्या हिवरखेडच्या भावाची मुलगी. तिची आई गेली होती आणि घरच्यांनी पोरीला वेडी ठरवून गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवले होते. बाई स्वतः बालविधवा, माहेरचेच नाव लावणाऱ्या. चार वर्षांच्या शेवंताला त्यांनी कडेवर घेतले आणि अकोल्याला आणले. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी तिला तपासून वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याचा सल्ला दिला. रोगाचे नाव मात्र त्यांना सांगता येईना. बाई त्यांना म्हणाल्या, "नाव सापडलं की कळवा डाक्तरसाहेब. तोवर पोरगी माह्यापाशी राहीन." ते पत्र अजून आलेले नाही.

बाईंनी तिला शाळेत बसवले. रोज खिडकीखालची तीच जागा, तीच पाटी, घरून येण्याची तीच गल्ली. शाळेची घंटा वाजली की शेवंता किंचाळत असे, म्हणून बाईंनी घंटा उतरवून कपाटात ठेवली. तास संपला की एक मुलगी लाल फडके घेऊन वर्गावर्गाच्या दारात उभी राही. गावात आमची चेष्टा झाली. बाईंना त्याचे काही वाटले नाही. हट्टी माणसाला चेष्टा लवकर ऐकू येत नाही.

मीही कमी हट्टी नव्हते. पुण्याच्या माणसाला दुसऱ्याचे व्याकरण सुधारल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. शेवंताच्या छातीवर हात ठेवून मी सहा महिने घोकून घेत होते, "म्हण, मला पाणी हवं." अखेर एके दिवशी ती पाण्याच्या हंड्यापाशी उभी राहून स्वच्छ आवाजात म्हणाली, "म्हण मला पाणी हवं." बाई पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. "पोरीले पुण्याचं पाणी लागलं," म्हणाल्या. तेवढे एकच बोलल्या. सहा महिन्यांबद्दल त्यांनी मला कधी दोष दिला नाही. त्याच हिवाळ्यात मी विषमज्वराने अंथरुणाला खिळले, तेव्हा शाळा सुटल्यावर रोज मुगाचे कढण घेऊन त्याच येत. बरोबर शेवंता असे. माझ्या उशाशी बसून चादरीची किनार बोटांनी मोजत राही.

पुढच्या वर्षी तपासणीला एक साहेब आले. घंटा का नाही, यावरून त्यांचे बिनसलेच होते. दुसरीच्या वर्गात त्यांनी शेवंताला विचारले, "तुझं नाव काय?" ती म्हणाली, "तुझं नाव काय." साहेबांनी वहीत काही लिहिले. उन्हाचा ताव होता. जरा वेळाने शेवंता उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेली आणि म्हणाली, "तुले पाणी पाह्यजे." साहेब प्रसन्न झाले. "आण की," म्हणाले.

मी खुर्ची मागे सरकवली. पण मी उठण्याआधीच पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली, हंड्यातून पेला भरला आणि साहेबांच्या हाताखालून नेऊन शेवंताला दिला. साहेबांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. "तुमाले नाई जी," ती मुलगी म्हणाली, "तिले."

बाई दारात होत्या. "एवढंच शिकवलं साहेब यंदा," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

साहेबांनी लिहिले ते वेगळेच. महिन्याभरात शेवंताचे नाव पटावरून कमी करण्याचा हुकूम आला. न केल्यास मुख्याध्यापिकेच्या जागेचा विचार करावा लागेल, असे त्यात होते. बाईंनी नाव कमी केले. दुसऱ्या दिवशी हजेरी संपली, वही मिटली, आणि मिटल्या वहीवर हात ठेवून त्यांनी हाक मारली, "शेवंता इंगळे." निवृत्तीच्या दिवसापर्यंत ही हाक एकदाही चुकली नाही. शेवंताने "हजर" कधी म्हटले नाही. हाक आली की ती आपले नाव परत म्हणे, आणि चाळीस मुली तिच्या वतीने "हजर" म्हणत.

बाईंच्या मागे हिचे काय, हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी मनात ठेवला होता. गेल्या श्रावणात बाई आजारी पडून दवाखान्यात गेल्या आणि शेवंता माझ्याकडे राहिली. आता ती सतरा वर्षांची आहे. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उंबऱ्यावर उभी राहून, रस्त्याकडे पाहत म्हणाली, "तुले आत्या पाह्यजे."

मी या वेळी काही सुधारले नाही. तिने म्हटले तसे, आणि तिला म्हणायचे होते तसे, दोन्ही खरे होते. "हो," मी म्हणाले, "मले आत्या पाह्यजे." पुण्याच्या माझ्या माहेरी हे ऐकले असते तर वैद्य बोलावला असता. शेवंताने मान हलवली आणि ताटावर येऊन बसली. बाईंच्या मागे काय, याचे थोडे उत्तर मला त्या संध्याकाळी मिळाले. पण ते वापरायची वेळ इतक्यात येऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

बाई आता हिंडूफिरू लागल्या आहेत. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, असे या ग्रंथात सगळेच शुद्ध भाषेत लिहितील. मी ते शेवंताच्या जवळ बसून, तिच्या आणि माझ्या दोघींच्या वतीने, अकोल्याच्या भाषेत लिहिते: आमाले बाई पाह्यजे.