दयाबाईचं बाळंतपण

कोल्हारात कुणाच्या सुनेला दिवस गेले की तिच्या डोहाळजेवणाला दयाबाईला आवर्जून बोलावणं असे. ओटीबिटी मागाहून, आधी दयाबाईचं बाळंतपण ऐकायचं. शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी ही बाई पदर खोचून उभी राहायची आणि सुरू व्हायची, "आराधनाच्या येळेला मी ह्यांच्या टेम्पोत बसले. मागं कांद्याच्या गोण्या, पुढं रस्त्याला हे एवढाले खड्डे. कळा म्हंजे अशा, की डोळ्यांपुढं काजवे! पन तोंडातून हूं की चूं न्हाई. देवाची गीतं म्हनत म्हनत गेले दवाखान्यात!"

बायका तोंडात बोटं घालायच्या. पोटुशी सून पार भेदरून जायची आणि दयाबाईला वाटायचं, चला, पोरीला धीर आला. टेम्पो चालवणारे तिचे यजमान शांतवनराव मात्र ही गोष्ट निघाली की चप्पल सरकवून बाहेर पडत. लोक म्हणत, माणूस लाजाळू आहे.

आता खुद्द आराधनाच पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एरवी पोर कशाला भिणारी नव्हे. नगर-मनमाड रस्त्यावर ट्रकच्या गर्दीतून गाडी काढत नोकरीला जायची. पण नववा लागला आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं व्यवस्थित आहे, सहज मोकळी होशील. हिचा एकच धोशा, "मला सिझरच करायचंय."

दयाबाईच्या जिवाला घोर लागला. तिला औषध ठाऊक होतं ते एकच. तिने ताट वाढलं आणि शेजारी बसून पुन्हा तीच गोष्ट सांगितली, ह्या वेळी गीतं आणखी दोन वाढवून. आराधनाने ताट सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"अगं, भ्या तरी कशाचं वाटतंय तुला? कळांचं?"

"कळा काढीन गं आई. पण मी ओरडणार, मला माहितीये. मग सगळे म्हणतील, दयाबाईची पोर आणि अशी निघाली!"

दयाबाई तेव्हाच बोलली असती तर बरं झालं असतं. पण इतक्या वर्षांचा मोठेपणा असा एका दुपारी खाली ठेवता येतो होय? ती उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

पुढच्याच आठवड्यात सकाळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात धनश्री सिस्टर होत्या, कोल्हारच्याच. त्यांनी दयाबाईला आत लेकीजवळ थांबू दिलं. आराधनाने पलंगाची दांडी धरली होती आणि दातखीळ बसल्यागत ओठ मिटले होते. कळ यायची, अंग ताठ व्हायचं, आवाज नाही.

"अगं, तोंड उघड, श्वास सोड," सिस्टर म्हणाल्या. मग दयाबाईकडे वळून कौतुकाने, "मावशी, पोरगी तुमच्यावरच गेलीये हो!"

दयाबाईने पाहिलं, पोरीच्या ओठातून रक्त आलं होतं.

"खोटं हाय समदं!" ती ओरडली. "गीतंबितं कायबी म्हनले न्हाई मी! तुझ्या पप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला! प्रवरेच्या पुलावर टेम्पो थांबवला, खाली उतरले आन् म्हनलं, मला न्हाई व्हायचं बाळंत, मी चालले घरी!"

आराधनाचे डोळे विस्फारले. "चालत?"

"चालत! पप्पा टेम्पो रिव्हर्स घेत माझ्यामागं. बसा ओ, बसा ओ, हात जोडत्यात. मागं ही गाड्यांची रांग लागली! मी पुलाचा कठडा धरून अशी बोंबलले, अशी बोंबलले, की खाली धुनं धुनाऱ्या बाया वर पळत आल्या. त्यांनीच मला उचलून टेम्पोत घातली."

"मग आई, ते गीतांचं..."

"माझ्या सासूनं, तुझ्या आजीनं, इचारलं, ओरडलीबिरडली न्हाईस ना? म्या म्हनलं, न्हाई. तर म्हनाली, शाब्बास. त्या घरात पयल्यांदाच शाब्बास म्हनलं गं मला कुनी."

आराधनाला हसू फुटलं. सिस्टर तर भिंतीला टेकून हसत होत्या. तेवढ्यात पुढची कळ आली आणि हसता हसताच पोरीने तोंड उघडलं, "आईऽऽ गंऽऽ!"

"हां, अश्शी! आनखी मोठ्यानं!" दयाबाईने तिचा हात घट्ट धरला. "लाजू नको, मी हाय!"

मग आराधना मन लावून ओरडली. नवऱ्याच्या नावाने ओरडली, डॉक्टरीणबाईंच्या नावाने ओरडली, आणि दुपार कलायच्या आत मुलगी झाली. तिचंही भोकाड दणदणीत होतं. दाराबाहेर उभे राहून शांतवनरावांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

सिस्टरांनी बाळ पुसून आराधनाच्या छातीवर ठेवलं. तिने त्या लालबुंद तोंडाकडे कितीतरी वेळ पाहिलं, मग आईकडे.

"आई, तुला लई दुखलं होतं का गं?"

इतक्या डोहाळजेवणांत इतक्या बायकांनी तोंडभर कौतुक केलं होतं. हे मात्र एकीनेही विचारलं नव्हतं. दयाबाईने सवयीने पदर खोचला, काहीतरी ठसक्यात बोलायला तोंड उघडलं आणि खोचलेला पदर पुन्हा सोडला.

"व्हय गं बाई," ती म्हणाली, "लई दुखलं." आणि नवरा, सिस्टर, लेक, सगळ्यांदेखत ती हमसून हमसून रडायला लागली.